हिरव्या पट्ट्यातली फिकट मुलं

नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस टोचून झाली, 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजला, कार्डावर तारीख लिहिली, की कागदोपत्री आमचं काम संपतं. सारंगखेड्याकडच्या आया मात्र लगेच उठत नाहीत. बाळाचं रडं थांबेस्तोवर त्याला पदराआड घेऊन बसतात आणि तेवढ्यात हळूच विचारतात, "नर्सबाई, आते गायनं दूध चालू करू का?" आरोग्यसेविका म्हणून तापीकाठच्या या गावांत इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त वेळा मी या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे.

उत्तर तसं सरळ आहे. वर्ष पुरं होऊ दे. तोवर अंगावरचं दूध आणि सहाव्या महिन्यापासून घरातलं मऊ अन्न. वर्षानंतर गायीचं किंवा म्हशीचं दूध दे, उकळून, वाटीनं किंवा पेल्यानं, दिवसाला दोन वाट्या, फार तर अडीच. आधी जेवण, मग दूध. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि वाटलं तर पुढेही चालू ठेव. हे एवढं बोलायला मिनिटही लागत नाही. पण ज्या घरांत हे शब्द जाऊन पडतात ती घरं एकसारखी नाहीत, आणि विचारणारीच्या मनात काय चाललंय ते कळल्याशिवाय या उत्तराचा उपयोग होत नाही, हे मला या कामानं शिकवलं.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. बॅरेजमुळे नदीत पाणी दिसतं, भोवताली ऊस, केळी, पपई, कापूस. गावात दारात म्हैस, गोठ्यात दोन गायी, सकाळ-संध्याकाळ कॅन डेअरीला, अशी शेतकऱ्यांची घरं आहेत. आणि त्याच गावाच्या कडेला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती आहे, जिथे दूध म्हणजे चहात पडतं तेवढंच. पहिल्या घरातली सून गायीच्या दुधाबद्दल विचारते, कारण सासू रोज म्हणते की घरात एवढं दूध असताना पोर अजून अंगावरच का. दुसऱ्या घरातली बाई विचारते, कारण तिला उद्यापासून कापूस वेचायला जायचं आहे, बाळ म्हाताऱ्या सासूजवळ राहणार आहे, आणि म्हातारीला बाळाच्या तोंडात ओतता येईल असं काहीतरी हवं आहे. दोघींचे शब्द एकच. पहिलीला थांब म्हणून सांगावं लागतं. दुसरीला थांब म्हणून भागत नाही, तिच्या पाठीमागे बाळ काय खाणार ते सांगावं लागतं.

वर्षापर्यंत थांबायचं कशासाठी, हे मी बहुधा गोठ्याकडे बोट दाखवूनच सांगते. गायीचं वासरू जन्मल्यापासून दीड महिन्यात वजनानं दुप्पट होतं. आपल्या बाळाला त्यासाठी पाचेक महिने लागतात. ज्याला इतक्या वेगानं वाढायचं आहे त्याच्या दुधात प्रथिनं आणि क्षार त्याच हिशेबानं असणार. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास असतात, गायीच्या दुधात सव्वातीन ग्रॅम, म्हशीच्या दुधात त्याहूनही जास्त. तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडाला हे जादाचे क्षार लघवीवाटे बाहेर टाकावे लागतात आणि त्यासाठी पाणी खर्ची पडतं. चैत्र-वैशाखात इथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. त्या दिवसांत वरच्या दुधावरच्या बाळाला जुलाब लागले तर ते बघता बघता सुकतं. डोळे खोल जातात, टाळू बसते. हे आयांना समजावून सांगायची गरज नसते, त्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरं कारण दिसत नाही, म्हणून ते पटवायला वेळ लागतो. ते म्हणजे लोह. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. आईच पांढरीफटक असेल तर साठा आधीच तुटपुंजा. म्हणून बाळंतपणात नाळ घाईनं बांधायची नसते, मिनिटभर तरी थांबायचं, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्या रक्ताबरोबर लोहही. सहा महिन्यांनंतर लोह अन्नातूनच मिळवावं लागतं. आणि गायीच्या दुधात ते नावालाच असतं. लिटरभर दुधात सुमारे अर्धा मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला आठ मिलिग्रॅम लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता सांगतो. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाहीत. काही तान्ह्या बाळांच्या आतड्यातून गायीच्या दुधामुळे अगदी थोडं थोडं रक्त झिरपतं, ते शीच्या रंगातही दिसत नाही. म्हणजे येणारं लोह कमी, आलेलं अंगी लागत नाही आणि असलेलं वाहून जातं.

आता ज्या मुलांसाठी मी हे लिहायला बसले त्यांच्याकडे येते.

नंदुरबार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हाडं निघालेलं बाळ येतं. ते खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आढळली. अंगणवाडीताई वजन घेते, उंची घेते, दंडाला पट्टी गुंडाळते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला की पट्टीचा लाल भाग दिसतो आणि मग धावपळ सुरू होते. ग्राम बाल विकास केंद्र, नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्र. आमचं सगळं लक्ष त्या लाल भागावर खिळलेलं असतं आणि तसंच असायला हवं. पण वजनाच्या आलेखात हिरव्या पट्ट्यात बसणारं, गालांनी भरलेलं, आजीच्या कडेवर मावत नाही असं मूल समोर आलं, की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्याला बोलावतो.

दारात म्हैस असलेल्या घरातलं असंच एक दीड वर्षाचं बाळ बूस्टर डोससाठी आलं होतं. वजन उत्तम. आजी कौतुकानं सांगत होती, "मन्हा नातू दूधवरच शे. भाकरले हात लावत नही." दिवसाला लिटरभर तरी, कधी त्याहून जास्त, सगळं बाटलीनं. रात्री झोपेत एक बाटली, पहाटे एक. लस टोचायला मांडी धरली तेव्हा त्याचा तळवा माझ्या हाताशेजारी आला आणि मला त्यात रंगच दिसला नाही. खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. आईला विचारलं, "माती खातो का?" ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "भिंतीचे पोपडे खातो. मारलं तरी ऐकत नाही." शी तीन-तीन दिवस होत नाही, झाली की खडा, रडून रडून जीव जातो, हेही तिनंच सांगितलं. बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं तर ७.४. पाच वर्षांखालच्या मुलाला ते ११ च्या वर लागतं.

त्या घराला हे पटणं अवघड होतं, आणि का अवघड होतं ते मला समजत होतं. त्यांनी मुलाचं काहीच कमी केलं नव्हतं. घरातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात महाग, निरसं काढून तापवलेलं दूध त्यांनी त्याला दिलं होतं. मोठी माणसं चहात कमी घालून पोराचं दूध राखत होती. अशा वेळी दूध जास्त होतंय हे वाक्य त्या माउलीला शिवीसारखं लागतं. म्हणून मी हिशेब मांडला. म्हशीच्या लिटरभर दुधात हजारावर कॅलरी असतात. एवढ्या लेकराला दिवसभरात लागतात त्याच साधारण हजार-अकराशे. म्हणजे दूध पिऊनच त्याचं दिवसाचं जेवण झालं, मग त्याला भाकरीची भूक लागणार कुठून? पोट भरतं, वजन वाढतं, आणि रक्त बनवायला जे लागतं ते मात्र पोटात जातच नाही. मोठी माय, म्हटलं, त्यानं भाकरीला हात लावला नाही म्हणून तुम्ही त्याला दूध देत नाही आहात, तुम्ही दूध देता म्हणून तो भाकरीला हात लावत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सून मात्र लगेच म्हणाली, "मी हेच सांगत होते."

वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवलं. लोहाचं औषध वजनाच्या हिशेबानं रोज, जंताची अर्धी गोळी, सिकलसेलची तपासणी, आणि दूध दोन वाट्यांवर. बाटली बंद. पहिले काही दिवस त्या घरानं जे सोसलं ते मी आशाताईकडून ऐकत होते. मूल रात्र रात्र रडायचं, आजोबा गोठ्यात जाऊन बसायचे, शेजारीण येऊन सांगायची की नर्सबाईनं पोराला उपाशी मारलं. आठवडा उलटता उलटता त्यानं वरणात कुस्करलेली दादर ज्वारीची भाकरी खाल्ली. मग खिचडी, मग मुगाचं घट्ट वरण. भिंतीकडे जाणं हळूहळू बंद झालं. पोपडे खाणं हे वाईट वळण नसतं, रक्त कमी असल्याची ती खूण असते, आणि लोह पोटात जायला लागलं की मारझोड न करता ती सवय सुटते. हिमोग्लोबिन वर यायला काही महिने लागले. त्या काळात वजन थोडे दिवस जागच्या जागी राहिलं, तेव्हा आजी पुन्हा घाबरल्या. तेव्हा मी त्यांना मुलाचा तळवा दाखवायची आणि मग माझा.

त्यानंतर मी प्रत्येक भरलेल्या गालाच्या मुलाचा तळवा पाहायला लागले, आणि अशी मुलं आहेत. भिलाटीत कमी, मळ्यातल्या आणि पक्क्या घरांत जास्त. त्यांची कुठल्याच यादीत नोंद होत नाही, कारण यादी वजनाची आहे. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय २०१५-१६ च्या पाहणीत सुमारे ५४ टक्के होता आणि २०१९-२१ मध्ये तो सुमारे ६९ टक्क्यांवर गेला. हे काही सगळं दुधामुळे नाही. जंत आहेत, आईचा रक्तक्षय आहे, उशिरा आणि पातळ सुरू केलेलं अन्न आहे, आमच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. पण दहातली सात मुलं फिकट असतील तर ती सगळी बारीक नसणार, एवढं तर उघड आहे. गुबगुबीत मुलांकडेही तितक्याच काळजीनं पाहायला हवं.

बाटलीबद्दल थोडं बोलते. माझ्या आजीच्या पिढीत बोंडल्यानं दूध पाजायचे, चांदीचं नसलं तर पितळेचं. ते धुता यायचं, त्यात झोपेत चोखत राहता येत नव्हतं. बाटलीचं रबरी बूच आतून कधी स्वच्छ होत नाही, त्यात कालच्या दुधाचा वास असतो, आणि जुलाबाची सुरुवात तिथून होते. अर्भकांचं पर्यायी दूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींना आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं मनाई आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी बाटली प्रत्येक किराणा दुकानात टांगलेली असते, कारण ती बाईचे दोन्ही हात मोकळे करते. हे मी नाकारत नाही. म्हणून नुसतं बाटली टाक म्हणून मी थांबत नाही. सहा-सात महिन्यांचं बाळ पेल्याच्या काठाला ओठ लावून पितं, ते तिथेच, लसीकरणाच्या सतरंजीवर, पेल्यात आईचं दूध काढून पाजून दाखवते. एकदा स्वतःच्या बाळाला तसं पिताना पाहिलं की पुढची समजूत घालावी लागत नाही.

आता भिलाटीकडे. तिथे लिटरभर दूध पिणारं मूल नाही. तिथे दूध येतं ते पावशेराची पिशवी, नाहीतर शेजारच्या मळ्यातून लोट्यात. त्यात तेवढंच पाणी पडतं, कारण माणसं पाच आणि दूध एक पेला. नऊ महिन्यांच्या बाळाला त्यातलंच वाटीभर, आणि दुपारी चहा, त्यात बुडवलेला बटर. चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोह बांधलं जातं. कामावर निघालेल्या त्या आईला मी गायीच्या दुधाची मनाई करत बसत नाही, तिच्यापाशी ते फारसं नसतंच. मी विचारते, घरात काय शिजतं? भाकरी, तुरीची डाळ, मिरचीचा ठेचा, कधी तापीचा मासा, सुकट. मग म्हणते, ठेचा बाजूला ठेव आणि बाकीचं सगळं बाळाला दे. डाळ वरवरचं पाणी नको, तळातली घट्ट. मासा काटा काढून, बोटानं मऊ करून. वर चमचाभर तेल. शहाद्याच्या पपईच्या मळ्यांत तू काम करतेस ना, मग पिकल्या पपईची फोड जेवणाबरोबर दे, तिच्यातल्या 'क' जीवनसत्त्वानं डाळीतलं लोह अंगी लागतं. अंगणवाडीतून आदिवासी भागात सात महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात, अमृत आहार योजनेत. केळी इथे मुबलक. अंडं माग, आपला हक्क आहे तो. आणि सकाळी निघताना एकदा, आल्यावर एकदा, रात्रभर हवं तेव्हा अंगावर घे. नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसा अन्न आणि रात्री आई एवढं मिळालं तर त्या पाणी घातलेल्या दुधावाचून त्याचं काही अडत नाही.

दूध द्यायचंच असेल तर पाणी घालू नको, हे मात्र मी दोन्ही घरांत सांगते. सहा महिन्यांवरच्या बाळाला दूध पचत नाही म्हणून निम्मं पाणी घालायची जुनी चाल आहे. त्यानं पोट भरल्यासारखं होतं आणि पाणी कुठलं, हंडा कुठला, त्यावर जुलाब ठरतात.

भिलाटीतलं मूल फिकट दिसलं तर माझ्या मनात दूध येत नाही, आधी सिकलसेल येतो. भिल्ल-पावरा कुटुंबांत तो आमच्याकडे मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत. तसं मूल असेल तर लोहाचं औषध आपल्या मनानं चालू करायचं नसतं, डॉक्टर ठरवतात. फिकट म्हणजे लोह कमी, असा सरसकट निकाल आमच्या जिल्ह्यात लावता येत नाही.

वर्ष होईपर्यंत गायीचं दूध नको ही रेघ मी घट्ट धरते, पण काही घरांत ती धरता येत नाही. सात महिन्यांची एक मुलगी आजीजवळ होती, आई बाळंतपणानंतर काही महिन्यांतच गेलेली. आजीपाशी एक शेळी. डब्याची पावडर तिच्या ऐपतीबाहेरची, आणि परवडली असती तरी डबा पुरवण्यासाठी ती पातळ केली गेली असती, ते तर गायीच्या दुधापेक्षा वाईट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये पूरक आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत अंगावरचं दूध न मिळणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला प्राण्याचं दूध देता येतं असं म्हटलं आहे. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण शेळीच्या दुधात आणखी एक उणीव असते. त्यात फॉलिक अ‍ॅसिड फारच कमी, आणि नुसत्या शेळीच्या दुधावर वाढलेल्या बाळाला वेगळ्याच तऱ्हेचा रक्तक्षय होतो. मग ठरलं ते असं: दूध उकळूनच, वाटी-चमच्यानं, पाणी न घालता, आणि दिवसातून तीनदा अन्न. सिकलसेलची तपासणी करून घेतली, ती निर्धोक निघाली. त्यानंतर आम्ही सहा महिन्यांवरच्या मुलांना देतो तेच लोह-फॉलिकचं सिरप, आठवड्यातून दोनदा एक मिली, आशाताईनं स्वतः जाऊन पाजायचं. त्या सिरपमध्ये २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, म्हणजे शेळीची उणीव भरून निघते. आजीला घड्याळ कळत नव्हतं. तिनं कोंबडी सोडायची वेळ, ऊन उंबऱ्यावर यायची वेळ आणि दिवेलागण अशा तीन वेळा धरल्या आणि एकही चुकवली नाही. मुलगी चालायला लागली तेव्हा तिचा तळवा माझ्यापेक्षा लाल होता.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा घोड्यांच्या बाजारासाठी देशभरातून व्यापारी येतात आणि कित्येकजण बायका-मुलांसह तंबूत राहतात. त्या दिवसांत आम्ही यात्रेत फिरून लसीकरणातून सुटलेली मुलं शोधतो. तंबूतल्या बाळांना चहाच्या टपरीवरचं दूध मिळतं, तेही थंडीत एकदा तापवून दिवसभर ठेवलेलं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यापुढे त्याच्या सुनेला मी हेच सगळं सांगत होते. त्यानं मध्येच विचारलं, किती महिन्यांचं झालं पोर? आठ. मग सुनेला म्हणाला, आपण शिंगरूसुद्धा सहा महिने आईपासून तोडत नाही, आणि तोडायच्या आधी त्याला दाणा-वैरण खायला लावतो. दुसऱ्या जनावराचं दूध पाजतो का कधी? तिथून पुढे मला काही बोलावं लागलं नाही. घोड्याचं दात पाहून वय सांगणारी ही माणसं, मुलाला दात आले की चावायला द्यायचं असतं हे त्यांना सांगावं लागू नये. पण मुलाच्या बाबतीत दुधावर इतकी श्रद्धा असते की दात आलेले दिसूनही दिसत नाहीत.

श्रद्धा म्हणाले, पण मला तिचा राग नाही. वर्षानंतर दूध हे चांगलंच अन्न आहे. दोन वाट्या दुधात लहान मुलाला दिवसाला लागणारं जवळजवळ सगळं कॅल्शियम मिळतं, चांगली प्रथिनं मिळतात, आणि शाकाहारी घरात तर त्याला पर्याय शोधणं कठीण. त्याच्या जागी ते असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. जेवणानंतर दोन तासांनी, लोहाच्या औषधाबरोबर नाही, रात्री झोपेत नाही. साय काढू नये, दोन वर्षांपर्यंत मुलाला ती लागते. निरसं दूध कधीच नाही, धार काढल्या काढल्या कोमट असलं तरी नाही. जनावरांच्या क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू त्या कोमट धारेतच असतात.

राहिला प्रश्न पहिल्या वर्षातल्या दुधाचा. बाळानं प्यायचं नाही तर घरातलं दूध कुणी प्यायचं? माझं उत्तर आहे, आईनं. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांतही पाचशेवर. अमृत आहारातून आदिवासी भागातल्या बाळंतिणीला सहा महिने एक वेळचं गरम जेवण मिळतं. बाकीच्या गावांत ती घरच्या शिल्लकीवर असते. मी सासूला सांगते की नातवाला गायीचं दूध द्यायची इच्छा आहे ना, मग ते सुनेला द्या, तिच्यातून ते त्याच्यापर्यंत पोचेल आणि जाताना त्याच्या पचनाजोगं होऊन जाईल. हे पटतं, पण लगेच डेअरीचा हिशेब पुढे येतो. फॅटवर भाव आहे, पेलाभर दूध म्हणजे महिन्याचे इतके रुपये. एका घरात सासऱ्यानं तो हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, कॅन भरायच्या आधी सुनेचा पेला काढत जा, कॅन भरल्यावर कोणी काढत नाही. त्या घरात आता तसंच चालतं. दुसऱ्या काही घरांत पेला आठवडाभर निघाला आणि मग थांबला.

हिमोग्लोबिन तपासायच्या पट्ट्या दर वेळी पुरेशा मिळत नाहीत. मिळतात त्या गरोदर बायांवर संपतात, आणि त्यांचा हक्क पहिलाच आहे. पुढच्या वेळी थोड्या उरल्या तर दीड वर्षाच्या बूस्टरला येणाऱ्या मुलांची बोटं तपासायचं आशाताईशी बोलून ठेवलं आहे. यादी तीच करते आहे. वजन चांगलं असलेल्यांची नावं तिला वर घ्यायला सांगितली आहेत.